अठराशे रवे

१७ मार्च २०२५, सोमवार

कोल्हापुरात आलो एकदाचा! वय बावन्न, आणि अजून बदल्या चालूच. आगीने झालेल्या नुकसानीची मोजदाद करणारा विमा-सर्व्हेअर म्हणून बावीस वर्षं राख चाळतोय. जिथे खरं लिहिलं तिथून उचलबांगडी झाली. जळगाव, अकोला आणि आता इथे. नाशिकहून निघताना बायको, अस्मिता, म्हणाली, या वेळी जरा शहाण्यासारखं वागा, मला आणखी सामान बांधवत नाही. मीही तसंच ठरवलं आहे.

पण सुरुवात छान झाली. आमचे इथले साहेब, राजवर्धन, स्वतः स्टँडवर घ्यायला आले. घरही त्यांनीच पाहून ठेवलं होतं. कसबा बावड्याला, उसाच्या शेतांना लागून नवाकोरा बंगला, भिंतींना अजून रंगाचा वास. मालक गुळाचे व्यापारी, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. भाडं इतकं कमी की मीच ओशाळलो. पावणं, घर आपलंच समजा की, असं म्हणून आण्णांनी पाठीवर जी थाप मारली ती अजून जाणवते आहे. पुढच्या दोन खोल्या माझ्या. मागचा मोठा हॉल कुलूपबंद आहे, मुलीच्या लग्नाचं फर्निचर ठेवलंय म्हणे. मला तरी दोन खोल्यांहून जास्त काय करायचंय?

संध्याकाळी गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून दिलेलं दूध प्यायलो. फेस मिशीला लागला. बरं वाटलं.

१९ मार्च, बुधवार

पहिलं काम हातात आलं आणि हसू की रडू कळेना. नऊ मार्चच्या रविवारी दुपारी शाहूपुरीत एक गोदाम जळालं. गोदाम आण्णांचं. म्हणजे माझ्याच घरमालकाच्या दाव्याची चौकशी मी करायची! मी राजवर्धनसाहेबांना सांगितलं की हे नियमात बसत नाही. ते हसले. गाव लहान आहे, म्हणाले, इथे कुणाचं ना कुणाचं मीठ खावंच लागतं.

दावा असा : गुळाचे अठराशे रवे जळाले. रवा म्हणजे आमच्याकडची ढेप, इथे दहा-दहा किलोची. आत गुंडू नावाचा हमाल झोपला होता, तो गेला. आगीचं कारण त्याचीच विडी, असं आण्णांचं म्हणणं.

दुपारी उशिरा घरी जेवत होतो तेव्हा मागच्या हॉलमधून ठक ठक असा आवाज आला. उंदीर असावेत, किंवा उन्हाने लाकूड तडकत असेल.

२१ मार्च, शुक्रवार

आज गोदाम पाहिलं. गूळ जळतो म्हणजे आधी वितळतो. इतका गूळ जळाला असता तर फरशीवर काळी, काचेसारखी पोळी धरली असती, छिन्नीने फोडावी लागली असती. इथे फरशी स्वच्छ. राख पांढरी, हलकी, फुंकर मारली की उडणारी. ती पाचटाची राख होती. उसाचा वाळका पाला भरून पेटवला तर अशीच राख होते.

दुसरी गोष्ट मुंग्यांची. गूळ जळाल्यावर त्या जागेला महिनाभर मुंग्या सोडत नाहीत. इथे एकही नव्हती.

गोदामातल्या ऑफिसच्या लोखंडी टेबलावर पत्र्याच्या डब्यात विड्यांचं बंडल ठेवलेलं. आजूबाजूला सगळं जळून कोळसा आणि बंडलाचा दोराही करपलेला नाही! आण्णांचा ड्रायव्हर कृष्णात मला बोट करून दाखवत होता, की साहेब, हितं बघा, फोटो काढा. मी काढला.

मग दाराशी ढिगाऱ्यात कुलूप सापडलं. अग्निशमनवाल्यांनी कोयंडा उखडून दार उघडलं होतं, त्यात ते तसंच अडकलेलं होतं. लागलेलं. बाहेरच्या कोयंड्याला. आत झोपलेला माणूस बाहेरून कुलूप कसं लावतो हे मला बावीस वर्षांत कुणी शिकवलेलं नाही. कृष्णातची माझ्याकडे पाठ होती. मी ते पिशवीत टाकलं.

२४ मार्च, सोमवार

गोदामासमोरच्या चहावाल्याचा जबाब घेतला. त्या दुपारी आतून दार वाजत होतं, जोरजोरात, पाच-दहा मिनिटं. मग तुम्ही गेला का नाहीत, असं विचारलं. तो खाली बघून म्हणाला, आमास्नी वाटलं हमाल रवं रचाय लागल्यात. किती वाजले होते? साडेतीन.

मी लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली. कागद बॅगेत आहे. त्याचं काय करायचं ते माहीत नाही.

घरातला आवाजही साडेतीनलाच येतो. आज घड्याळ पाहिलं म्हणून लक्षात आलं. तीनदा ठक, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा तीनदा.

३० मार्च, रविवार, पाडवा

एकट्यानेच गुढी उभारली. शेजारच्या आक्कांनी साखरेची गाठी आणून दिली. आक्का सत्तरीच्या, एकट्या राहतात, कान जरा जड आहेत, रेडिओ मोठ्याने लावतात. मला रोज विचारतात की जेवलासा का.

संध्याकाळी गुढी उतरवली. गाठी खिडकीच्या जाळीजवळ टेबलावर राहिली होती. तिच्या शेजारून मुंग्यांची रांग चालली होती, बोटभर रुंद. खिडकीतून आत, टेबलावरून, भिंतीवरून. आणि एकही मुंगी गाठीकडे वळत नव्हती. साखर सोडून मुंग्या कुठे निघाल्या म्हणून मी त्यांच्या मागे गेलो.

मागच्या हॉलच्या दाराखाली जात होत्या.

लाकडी फर्निचर गोड नसतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कळून मी काय केलं, तर उंबऱ्यावर मुंग्यांची पावडर टाकली आणि जेवायला बसलो.

२ एप्रिल, बुधवार

अहवाल दिला. राजवर्धनसाहेबांनी मसुदा आधीच तयार ठेवला होता, मी सही केली. जळालेला माल : अठराशे रवे. कारण : मयत हमालाची विडी. कोणीही आवाज ऐकला नाही.

कुलूप लिहिलं नाही. चहावाला लिहिला नाही. अस्मिताला फोन करून सांगितलं की या वेळी शहाण्यासारखा वागलो. तिला आनंद झाला. मला शिसारी आली, पण ती तिला कशाला सांगायची?

५ एप्रिल, शनिवार

गुंडूची बायको आली होती. विठाबाई. उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. नवरा स्वतःच्या विडीने मेला असं कागदावर आलं, म्हणून आण्णांनी तिला हात झटकून दाखवले. पैशांचं ती फार बोललीच नाही. तिचं म्हणणं एकच. त्येनं विडीला कंदी हात लावला न्हाय. धाप लागायची त्येला, चुलीचा धूर सोसत नव्हता. लोक पोराला म्हणत्यात, तुझ्या बानं मालकाचं गुदाम जाळलं.

मग जाता जाता तिने भिंतीकडे पाहिलं आणि रंगावरून हात फिरवला. ह्योच बंगला की, म्हणाली. आगीच्या आधी आठ दिवस गुंडू इथेच येत होता. कृष्णात टेंपो आणायचा आणि गुंडू एकटा गूळ उतरवायचा. पाठीची सालटी निघाली होती.

ती गेली. मी पायरीवरच बसलो.

६ एप्रिल, रविवार

हॉलला मागच्या बाजूने हवेसाठी उंच झडप आहे. स्टुलावर चढून मोबाइल आत धरला आणि फोटो काढला. छतापर्यंत रवे, पोत्यांनी झाकलेले. ज्या गुळाच्या राखेवर मी सही केली तो गूळ माझ्या उशापासून दहा फुटांवर आहे!

आता सगळं उलगडतंय. विमा कंपनीच्याच माणसाच्या घराची झडती कोण घेणार? मी भाडेकरू नाही, मी राखणदार आहे. आणि पकडलो तर चोरही मीच. माल कुठे लपवला हे दोघांनाच माहीत होतं, कृष्णात आणि गुंडू. कृष्णात आण्णांचा भाचा आहे. गुंडू कुणाचाच नव्हता.

साडेतीनला आवाज आला. मी हॉलच्या दाराला कान लावला. ठोकण्याच्या मध्ये कोणीतरी श्वास घेत होतं. ओढून, शिट्टी वाजल्यासारखा. दम्याचा माणूस घेतो तसा.

१० एप्रिल, गुरुवार

चार दिवस काहीच केलं नाही. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं झालंय. विठाबाईचा हात भिंतीवर दिसतो.

आज पत्र लिहिलं. अहवाल मागे घेतो, माल अमुक ठिकाणी आहे, दार बाहेरून बंद होतं, कुलूप माझ्याकडे आहे, साक्षीदाराने ठोकण्याचा आवाज ऐकला आहे. बावीस वर्षांत इतकं सरळ काही लिहिलं नव्हतं. ते राजवर्धनसाहेबांच्या हातात दिलं. दुसऱ्या कुणाच्या देणार होतो? तेच वरिष्ठ. त्यांनी शांतपणे वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. म्हणाले, शाब्बास. उद्याचा दिवस ऑफिसात थांबा, जुन्या फायली लावा. शनिवारी जोतिबाची यात्रा, सगळं बंद. सोमवारी बसू.

हलकं वाटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

घरी आलो. मुंग्या नाहीत.

एकही नाही. दाराखाली, भिंतीवर, कुठेच नाही. आक्का म्हणाल्या, दिवसभर तीन टेंपो झालं, आण्णांचं हमाल नुसती धडाधड. नेताना काय होतं आणि आणताना काय होतं ते त्यांनी पाहिलं नाही. आणताना? मी दोनदा विचारलं. व्हय की, म्हणाल्या, भरून बी आणलं.

अंगणात पाचट सांडलं आहे. मूर्ख मी, पत्र साहेबांच्याच हातात दिलं.

हॉलला नवं कुलूप. झडप आतून फळी ठोकून बंद. आणि माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर विड्यांचं बंडल, काडेपेटी. हमाल विसरले असतील. मी विडी ओढत नाही.

बॅग भरली. फोटो मोबाइलमध्ये आहे. उद्या सकाळच्या गाडीने नाशिकला घरी, तिथून पोलीस. आत्ता निघावं तर यात्रेच्या गर्दीने रस्ते बंद आहेत म्हणतात. कृष्णात म्हणाला. कृष्णातच म्हणाला.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी सातला कृष्णात दारात. आण्णांच्या घरची पुरणपोळी, जोतिबाचा नैवेद्य. खाऊन निघा, मी स्टँडवर सोडतो म्हणाला. देवाच्या नैवेद्याला नाही कसं म्हणायचं? समोर बसून राहिला. दोन खाल्ल्या. गूळ चांगला होता.

आत्ता जाग आली. तीन वाजून दहा मिनिटं.

फोन उशाशी होता. नाही. बॅग नाही. चहावाल्याचा कागद त्यातच. कुलूप आहे — गादीखाली होतं म्हणून.

दार उघडत नाही. बाहेरून —

खिडक्यांना गज. गल्लीत कोणी नाही, सगळे जोतिबाच्या डोंगरावर. फक्त आक्कांचा रेडिओ.

३.२०. हॉलच्या दाराखालून धूर. मुंग्या जात होत्या तिथूनच. पांढरा, हलका. पाचटाचा. बंडल अजून कट्ट्यावर आहे, आता पत्र्याच्या डब्यात. कुणी ठेवलं डब्यात —

माझा अहवाल कुणीतरी लिहील. कारण : भाडेकरूची विडी.

दार ठोकतोय. ओरडवत नाही, घसा — रेडिओ थांबला. आक्का कुंपणाशी आल्या. आक्का! फटीतून दिसतात. रस्त्यावर कुणाला तरी सांगताहेत —

आण्णांचं हमाल आल्यात जणू, रचाय लागल्यात.

गेल्या. रेडिओ.

३.३०. मी तीनदा ठोकलं. आतून, हॉलमधून, तीनदा. तिथे नुसतं पाचट आहे, आग आहे, तिथे कोण — श्वास ऐकू येतोय. ओढून. गुंडू, मी लिहायला हवं होतं. मी पाहिलं होतं कुलूप. मी —

वही आणि कुलूप पंच्यात बांधून मोरीच्या भोकातून ढकलतो. ज्याला सापडेल त्याने विठाबाईला द्या. नाव नीट लिहा, गुंडूचं. विडी नव्हती. दोघांचीही नव्हती. आणि आवाज आला होता असं लिहा. दार ठोकलं होतं. आम्ही दोघांनीही खूप वेळ ठो