पाण्याचा सामू: दोरा क्रमांक २१४

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. एरवी मी तो कागदावरच उरकतो, या वेळी मात्र खोलीत खरोखर आडवा पडून घातला आणि मगच लिहायला बसलो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्हाला तो कमीच वाटणार आहे. तब्येत कशी आहे? जेवणानंतरची छातीतली जळजळ थांबली का? (मामी म्हणत होती की आम्लपित्ताच्या गोळ्या तुम्ही शेंगदाण्यांसारख्या खिशात बाळगता आणि दर गोळीमागे तिला आम्ल, आम्लारी आणि उदासिनीकरण समजावून सांगता. ती तक्रार करत नव्हती. म्हणजे, थोडी करत होती.)

तुमच्या शब्दावर मला पोहण्याच्या तलावावर नोकरी लागली, तिला एक तारखेला तीन महिने होतील. म्हणजे कच्ची नोकरी पक्की होण्याचा किंवा हातची जाण्याचा दिवस. काम ऐकायला सोपं आहे. सकाळ-संध्याकाळ काचेच्या नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, दर्शकाचे पाच थेंब टाकायचे, हलवायचं आणि आलेला रंग कार्डावरच्या पाच चौकोनांशी ताडून पाहायचा. पिवळा आला तर पाणी आम्लाकडे झुकलंय, लोकांचे डोळे चुरचुरणार, म्हणून थोडा सोडा टाकायचा. गडद गुलाबी आला तर आम्लारीकडे झुकलंय, पाणी गढुळणार आणि क्लोरीन आळसावणार, म्हणून थोडं आम्ल सोडायचं. मधला आला तर सामू (कार्डावर त्याला 'पीएच' म्हटलंय) बरोबर, चहा प्यायला मोकळे.

अडचण एवढीच की मला ते पाचही चौकोन सख्खी भावंडं वाटतात. एक जरा सावळं, एक जरा उजळ, बाकी नाकीडोळी सगळी सारखीच. (तांबडा आणि हिरवा यांच्यात लोक उगाच भेद करतात असं मला लहानपणापासून वाटत आलंय, पण वाद नको म्हणून मी गप्प बसायचो.) नोकरीच्या अर्जात 'दृष्टी चांगली आहे काय?' असा प्रश्न होता. मी 'हो' लिहिलं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मोज्याचं भोकसुद्धा मला इथून दिसतं, त्यामुळे आपण खोटं लिहितोय असं तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं.

पहिला आठवडा अंदाजपंचे गेला. सोमवारी रंग पिवळा वाटला म्हणून सोडा टाकला. मंगळवारी पुन्हा तसाच वाटला, पुन्हा टाकला. बुधवारी पाणी इतकं दुधाळ झालं की सकाळच्या बायकांच्या बॅचला स्वतःचे गुडघे दिसेनात, आणि तळाशी कोणी राहिलं नाही ना, या काळजीने प्रशिक्षकांनी दोनदा हजेरी घेतली. मी घाबरून आम्ल सोडलं, तेही जरा सढळ हाताने. गुरुवारी सगळ्याजणी डोळे चोळत बाहेर आल्या. डोळे लालभडक झालेत असं त्या म्हणाल्या. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

मग मला तुम्ही नववीत शिकवलेलं आठवलं, की दर्शक काही फक्त रंगाचे नसतात, वासाचेही असतात. कांद्याच्या रसात भिजवलेली चिंधी आम्लात बुडवली तर वास टिकतो, आम्लारीत बुडवली तर जातो. नाकाला रंगाशी काय देणंघेणं? मी सहा कांदे किसले, उशीची जुनी खोळ फाडली, बारा चिंध्या डब्यात मुरवल्या आणि कामावर नेल्या. पण त्या धड्यातली एक ओळ मी बहुधा खिडकीबाहेर बघण्यात घालवली असणार. वास जायचा तर आम्लारी चांगली जहाल लागते, आणि तलावाचं पाणी कितीही बिघडलं तरी तितकं जहाल होत नाही. त्यामुळे कांदा काही हटेना. पोहणाऱ्यांनी एकमेकांचे डबे हुंगून पाहिले, दोघींनी आपापल्या नवऱ्यावर संशय घेतला, आणि वासाचा माग काढत प्रशिक्षक पंपघरात आले तेव्हा मी बारा चिंध्या एकेक करून नाकाला लावत घळाघळा रडत होतो. घरी काही झालंय का, असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं आणि मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. फार चांगला माणूस आहे.

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि लोकांनाच विचारायचं ठरवलं. थेट नाही, आडून. नळी उजेडात धरायची आणि स्वतःशीच बोलल्यासारखं 'काय रंग आलाय' म्हणायचं. प्रशिक्षक म्हणाले, लालसर. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, कालच्या चहासारखा. सकाळच्या बॅचमध्ये तर दोन तट पडले, एक अबोली म्हणणाऱ्यांचा आणि एक गाजरी म्हणणाऱ्यांचा, आणि त्या दोन तटांनी पुढचे दोन दिवस तलाव मधोमध वाटून घेतला. तो तंटा सोडवला दोरेवाल्या काकूंनी. त्यांचं शिवणाच्या दोऱ्यांचं दुकान आहे, चौतीस वर्षं त्या रिळं विकताहेत, आणि रंगाला नावाने हाक मारणं त्यांना अडाणीपणाचं वाटतं. त्यांनी केसांतलं पाणी पिळता पिळता नळीकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "दोनशे चौदा."

दुसऱ्या दिवशी त्या दुकानातलं नमुन्यांचं कार्ड घेऊन आल्या. त्यावर प्रत्येक रंगाच्या दोऱ्याचा तुकडा आणि खाली त्याचा नंबर. माझ्या पाच चौकोनांतला मधला म्हणजे दोरा २१४, पिवळ्याकडे सरकला की २०९, राणी रंगाकडे गेला की २२०. तेव्हापासून काकू सकाळी पोहून झाल्यावर आणि संध्याकाळी दुकान उघडायला जाताना नळी बघायच्या, मी त्या म्हणतील तसं सोडा किंवा आम्ल टाकायचो, आणि पाणी असं निवळलं की तळाच्या फरशीच्या फटी मोजाव्यात. नोंदवहीतही मी तेच लिहीत गेलो. सोमवार सकाळ, सामू २१४. मंगळवार सकाळ, सामू २१२, किंचित मळकट. तिथे मधल्या चौकोनाखाली छापलेलं ७.४ लिहायला हवं होतं हे मला कळत होतं, मामा. पण मला जे दिसलंच नाही ते मी कसं लिहू? २१४ निदान कानांनी ऐकलेलं तरी होतं.

गेल्या मंगळवारी तपासनीस बाई आल्या. त्यांनी नोंदवही उघडली, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि अगदी शांतपणे विचारलं की सामूची मोजपट्टी चौदाला संपते, तर दोनशे चौदाच्या पाण्यात ही माणसं अजून विरघळली कशी नाहीत. नेमक्या त्या दिवशी काकू सर्दीने घरी. बाईंनी पिशवीतून स्वतःची भरलेली नळी काढून माझ्या हातात दिली आणि सामू सांगायला सांगितलं. मी थेंब टाकले. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती तुमचा शब्द जाईल याची होती. आवाज शक्य तितका खणखणीत ठेवून मी म्हटलं, दोनशे चौदा. तलावातून सगळ्या बॅचने एकदम सुस्कारा सोडला.

"यात मी लिंबू पिळलंय," बाई म्हणाल्या. "हा पिवळाधमक आहे."

"मला दिसत नाही," मी म्हटलं.

तीन महिन्यांत पहिल्यांदा खरं बोललो. तिथेच काठावर बसलो आणि पाय पाण्यात सोडले, बुटांसकट. मग तलावातल्या बायका एकाच वेळी बोलू लागल्या. दोरे, कार्ड, काकू, कांदा, सगळं त्यांनी बाईंना सांगितलं, बरंचसं उलट्या क्रमाने. बाईंनी आपलं यंत्र पाण्यात बुडवलं. आकडा आला ७.४, अगदी तंतोतंत. त्यांनी तो मलाही दाखवला. (ते यंत्र इथे ठेवता येईल का, असं मी विचारून घेतलं. ते एकच आहे आणि तेरा तलाव फिरतं.) पण काकू पगारावर नाहीत, त्यामुळे त्यांची नजर चालणार नाही. रोजची मोजणी मी स्वतः कशी करणार ते एक तारखेपर्यंत लेखी द्यायचं. पटलं तर नोकरी पक्की, नाही तर दुसरा माणूस. आणि त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटून यायचं.

बाकी सगळं क्षेम आहे. बूट वाळले. हे सारं केवळ तुमची घटकाभर करमणूक व्हावी म्हणून लिहिलं, मागणं काहीच नाही. मामीला नमस्कार, आणि गोळ्या जरा कमी करा.

तुमचा भाचा

ता. क. आईला यातलं अक्षरही सांगू नका. मी तलावावर जीवरक्षक आहे असा तिचा समज आहे आणि तिने तो शेजारीपाजारी पसरवलाय. (मला पोहता येत नाही, हेही तिला माहीत नाही.)

ता. क. २. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांत लपलेले आकडे वाचायला लावले. मला सगळीकडे ठिपकेच दिसले. ते म्हणाले, हा दोष आईकडून येतो, तिला स्वतःला बहुधा नसतो, पण तिच्या भावांपैकी कोणाला आहे का? मी मोठ्याने हसलो. म्हटलं, मला एकच मामा, आणि त्यांनी एकतीस वर्षं शाळेत लिटमस शिकवलाय. डॉक्टरही हसले. मग मी जिना उतरलो आणि शेवटच्या पायरीवर बसूनच राहिलो. तुम्ही परीक्षानळी वर धरायचात आणि विचारायचात, "सांगा, कोणता रंग आला?" आम्ही ओरडायचो, लाल. मग तुम्ही फळ्यावर लिहायचात, लाल. आम्हाला वाटायचं, ही तुमची शिकवायची पद्धत आहे. मामा, तुम्ही एकदाही आमच्याआधी रंग सांगितला नाहीत.

ता. क. ३. मी कोणाला सांगणार नाही. मामीला माहीत असेलच. तर वर 'मागणं काहीच नाही' लिहिलंय ते खोडलं असं समजा. एकतीस वर्षं कसं निभावलंत ते मला सविस्तर लिहून पाठवा, मला तेच बाईंना लिहून द्यायचंय, आणि एक तारखेला नऊ दिवस उरलेत. शाई हाताला लागेल ती घ्या. मला काही फरक पडत नाही, आणि तुम्हालाही पडत नसावा.