मयताचा नमुना

॥ ॐ नमः शिवाय ॥

युसूफ वडगाव,
दि. ६ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंस शिवानीचा शि. सा. न. वि. वि.

लेकाकडे पाली मानवली का? धरणाकडचं वारं बाधत असेल तर कानाला फडकं बांधत जा. फोनवर मी बोंबलते आन् तुम्ही भलतंच उत्तर देता, त्यापेक्षा कागद बरा, असं तुमचे भाचे बसवेशराव म्हणतात.

तुमच्या मालकांच्या, म्हणजे आपल्या मामांच्या, माघारी समाज मंडळाच्या ईमेलचं काम या भाचेसुनेच्या गळ्यात पडलं. बारसं, लग्न, मयत, काहीही झालं की बाहेरगावच्या सभासदांना कळवायचं. त्यासाठी मामांनी पत्रांचे नमुने करून ठेवलेत. मजकूर तयार, नाव आन् तारीख तेवढी भरायची. पण काय ती मांडणी, अगं बाई! दर घराचं वेगळं फोल्डर, त्यात त्या घराचे तीन नमुने. ऐंशी घरं! शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो. मी सगळे मोडून बारशाचा एक, लग्नाचा एक, मयताचा एक, एवढेच ठेवणार आहे. मामांना सांगू नका म्हटलं असतं, पण ते आता कुठे रागावणार.

एक विचारायचं होतं. कौशल्याबाई गेल्या तेव्हा त्यांच्या घराचा नमुना उघडला, तर नावाच्या जागी त्यांचं नाव आधीच होतं. पिकलं पान, मामांनी तयारी केली असेल म्हणून मी हसले. पण परवा धोंडीराम ट्रॅक्टरखाली गेला. चाळिशीचा गडी. मामांना जाऊन दोन वर्षं झाली, आन् त्याच्याही नमुन्यात त्याचं नाव भरलेलं. हे कावून होतं, तुम्हाला काही ठाऊक आहे का?

आरोही पहिलीत रमली. तुमच्या हातचे धपाटे मागते. लोभ आहे तो असाच राहू द्या.

तुमची,
शिवानी

पाली,
दि. ११ जानेवारी २०२५

चि. सौ. शिवानीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. ते नमुने मोडू नको, बाई. आधी एवढं ऐक, मग पुढचं वाच.

पोस्टकार्डं होती तवा मयताचं कार्ड उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडायचं, हात धुवून आत यायचं. असलं पत्र घरात ठेवत न्हाईत. कम्प्युटर आला तवा मी ह्यांना म्हणलं, आता फाडायचं कसं? ह्यांनी मला अडाण्यात काढलं. जुनी मयताची पत्रं साठवली आन् त्याचेच नमुने केले. वरीसभरात त्यात नावं आपोआप यायला लागली. पुसून बघितली, परत आली.

म्हणून ह्यांनी घरवार फोल्डर केले. ज्या घरी झालंय तेवढंच उघडायचं, दुसऱ्या घराचं आधी डोळ्याला पडू नये. एकदा चुकून आमच्याच घराचं उघडलं. अकराव्या दिवशी हे गेले. तू सगळे एकात आणलेस तर जे नाव येईल ते तुला बघावंच लागंल.

थंडी लई हाय. लेकराला स्वेटर घाल.

तुझी,
उमाआत्या

युसूफ वडगाव,
दि. १६ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी सगळं मोडून बसले होते. नऊ तारखेला मयताचा एकच नमुना केला, नावाची जागा कोरी ठेवली. दहाला सकाळी उघडला तर तिथं आरोही बसवेश तोडकर.

माझी आरोही, आत्याबाई. सहा वर्षांची.

आधी वाटलं, ह्यांनीच चेष्टा केली. इतकी भांडले, इतकी भांडले की ह्यांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून शपथ घेतली. मग दोघांनी मिळून नाव पुसलं. दुसऱ्या सकाळी परत. नमुनाच काढून टाकला, तोही परत. रोज मंडळात जाऊन पुसते आन् रोज सकाळी ते माझ्याकडे बघतं. कालपासून तिला ताप आहे. केजचे डॉक्टर म्हणतात, साधा ताप, सगळीकडे चालू आहे. मला डॉक्टरचं खरं वाटेना. तुमच्या लेकाला, अमरनाथभावजींना, फोनवर सांगावं तर ते हसतील.

मामांनी काय काय करून बघितलं, आठवून आठवून लिहा. काहीही असू द्या. मला माझं लेकरू पाहिजे.

तुमची,
शिवानी

पाली,
दि. १९ जानेवारी २०२५

चि. सौ. शिवानीस अनेक उत्तम आशीर्वाद.

टपालाला तीन-चार दिवस लागत्यात, म्हणून आधी काम केलं आन् मग कागद घेतला.

मागं मी तुला अर्धंच सांगितलं. आमच्या घराच्या नमुन्यात ह्यांचं नाव न्हवतं, माझं होतं. ह्यांना एक गोष्ट सापडली होती. जागा कोरी ठेवली की ती भरती. पण नावावर दुसऱ्याचं नाव लिहिलं तर तेच राहतं. मला न सांगता माझ्या नावावर ह्यांनी आपलं लिहिलं. हे गेल्यावर कळवायचं पत्र काढायला मी नमुना उघडला तवा मला समजलं. दोन वर्षं मी ह्यांच्या वाट्याचं जेवले, शिवानी, आन् रोज घास अडकला.

तुला हे आधी कावून सांगितलं न्हाई, ते ओळख. तू आई हायस. तू लगेच आपलं नाव घातलं असतं.

आज अमरनाथच्या पोरीकडून, अपेक्षाकडून, मंडळाचं मेल लॅपटॉपवर उघडून घेतलं. पासवर्ड ह्यांनी पंचांगावर लिहून ठेवला होता. पोरीला चहा करायला धाडलं आन् एका बोटानं एकेक अक्षर दाबलं. लई येळ लागला. पण बरोबर लिहिलंय, दोनदा वाचून बघितलं.

तू आता त्याला हात लावू नको. माझ्या गळ्याची आण हाय. मी भरल्या घरात हाय, सून चांगली हाय, काही दुखत न्हाई. मला भ्याव वाटत न्हाई, खरं सांगते.

रडत बसू नको. ताप उतरला असंल, पोरीला भूक लागली असंल. मऊ भात करून घाल.

तुझी,
उमाआत्या