करंजाला बांधलेली साडी

बोरडोह, नरसीजवळ
४ मार्च २००४

चि. सौ. रुख्मिणीस,

दादाचा आशीर्वाद. इकडं सगळं बरं आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे तेवढे सरकारी झालेत, उठायला वेळ लावतात. वाशीमला नळ चार दिवसांनी येतो म्हणे. तुझी राखी दर श्रावणात पोचते. पाकिटात राखीखेरीज काही नसतं, तरी मी ते दोनदा झटकून पाहतो.

कामाचं लिहितो. सरकारनं नद्यांसाठी कायदा आणलाय. जिथं नदी देखणी आहे आणि माणसं तिच्यात विहार करतात, तेवढे पट्टे यादीत घालून राखायचे. तिथली वाळू कुणी उचलायची नाही. गावोगाव फॉर्म आले. आपल्या कयाधूच्या डोहाचा फॉर्म ग्रामसभेत मी भरला. गावात माझं अक्षर बरं, आणि मास्तरला दुसरं काम नसतं अशी सगळ्यांची खात्री.

एक रकाना होता: ‘नदीचा विहारासाठी वापर कोण करते?’

सरपंच शंकरसिंग म्हणाले, “विहार कराया आपन काय हंस हाव का? लिव्हा, निरंक. न्हाईतर सरकारला वाटंल, गाव रिकामटेकडं हाय.”

सभा हसली. साडीचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

तुला सांगायला नको, पण हे कागदावर आजवर कुणी लिहिलेलंच नाही, म्हणून लिहितो. दुपारी बाया धुणं आटोपून डोहात उतरतात, तेव्हा वाटेवरच्या करंजाला एक साडी बांधतात. साडी दिसली की गडीमाणूस खोकतो आणि गुरं घेऊन वरच्या वाटेनं जातो. सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नाही.

मी ‘निरंक’ लिहिलं. अगदी वळणदार.

यादी लागली, आपला डोह त्यात नाही. जिथं कुणी खेळत नाही ती नदी या कायद्यात बसत नाही, असं उत्तर आलं. आता वाळूचा लिलाव निघालाय. हरकत घ्यायची मुदत पंधरा मार्च.

ते उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तांड्यावरची जिवनबाई भर वर्गात येऊन उभी.

“मास्तर, निरंक म्हंजे काय?”

“काहीच नाही.”

“मंग आमी रोज दुपारी काहीच न्हाई करून राहिलो व्हय? लिव्हा, आमी पवतो. डुबक्या मारतो. एकमेकीला बुडवतो बी.”

“सह्या लागतील, बाई. घरच्यांना कळेल.”

“त्यायला काय ठाऊक न्हाई? जलमभर साडी पाहून खोकलत माघारी फिरून राहिले!”

हरकतीच्या अर्जावर सदतीस बायांचे अंगठे झाले. शाईचं पॅड सुकलं, तेव्हा पार्वतीबाईनं चुलीचं काजळ आणलं. मी इतका आनंदी कागद अजून पाहिलेला नाही.

पण हिंगोलीच्या कचेरीतले साहेब म्हणतात, वापर किमान पंचवीस वर्षांचा हवा आणि पुरावा कागदी हवा. बायांच्या पोहण्याचा कागद कोण करतो? मी शाळेची जुनी रजिस्टरं काढली. एकच कागद सापडला. बारा एप्रिल १९७६, इयत्ता नववी. ‘कु. रुख्मिणी. नदीत पोहण्यास जाते, सबब पालकांनी नाव काढले.’ खाली आबांची सही.

रुख्मे, तू पोहतेस हे आबांना मुंजाजीनं सांगितलं, असं घरात ठरलं होतं. बिचारा गुराखी मरेपर्यंत ते ऐकत राहिला. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी बोललो नाही.

मुंजाजी साडी पाहून माघारी फिरला होता. मी फिरलो नाही. करंजाखाली उभा राहून पाहिलं. तू एका दमात डोह पार करून पलीकडच्या खडकावर बसली होतीस, केस पिळत, कुणाला तरी हाका मारत. मी एकोणीस वर्षांचा आणि मला कमरेएवढ्या पाण्याची धास्ती. काळजीनं सांगितलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं शिकवलं. मास्तर आहे, शिकवता येतं. पण ती काळजी नव्हती गं, असूया होती. त्याच वैशाखात तुझं लग्न उरकलं आणि वह्या-दप्तर माझ्याकडं आलं. दप्तर मी वापरलं.

आता तुझ्या शिक्षेचा कागद एवढाच डोहाचा पुरावा आहे. त्याची नक्कल जोडली तर हरकतीच्या कागदांसोबत तुझं नाव हिंगोलीच्या कचेरीत भिंतीवर लागेल, चार माणसं वाचतील. एकदा तुला न विचारता तुझं नाव सांगितलं, पुन्हा नाही सांगणार. तू नको म्हणालीस तर जोडणार नाही, मग डोहाचं काय व्हायचं ते होवो. जिवनबाईलाही तसंच सांगितलंय. ती म्हणाली, “बराबर हाय. तिचं हाय ते, तिलाच इचारा.”

कार्डावर ‘जोड’ किंवा ‘नको’ एवढं लिहिलं तरी पोचलं. माझ्यासाठी काही लिहू नकोस.

आबांना सांगणारा,
तुझा भाऊ
विश्वंभर