अण्णांचा होकार

मंगळवार, संध्याकाळ

आज अगदी गळून गेलेय. डॉक्टर म्हणाले, अण्णांच्या मानेच्या वरच्या मणक्यातली गाठ आत्ताच काढायला हवी, नाहीतर हातपाय जातील. पण कवटीपासून सळ्या बसवाव्या लागतील. मान मग फारशी हलणार नाही. चालेल?

अण्णांनी नेहमीसारखी मान डोलावली. चिकपेटच्या दुकानात गिऱ्हाइकांना काय, घरी आम्हाला काय, जन्मभर त्यांचा होकार एवढाच. ते डोलणं पाहून मुलगी म्हणून मी सही करून टाकली. घाई केली का मी? त्यांना नीट कळलं तरी होतं का?

घरी आल्यावर विचारलं, "अण्णा, स्वल्प कॉफी देऊ?"

मान ताठ धरून ते मोठ्यानं म्हणाले, "हो."

मी बघतच राहिले.

"सवय करतोय गं."