आत्याने धुतलेली पाने

खर्डा, ६ जानेवारी २०२५

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

आत्याने पाठवलेल्या निर्गुडीच्या पानांच्या अर्काने तुझ्या प्रयोगशाळेत जंतू मेले, गाठीच्या पेशीही मेल्या, हे तू तिला फोनवर कळवलेस. परिणामी झुंबरबाईने, तुझ्या या आत्याने, छातीतल्या गाठीची ठरलेली शस्त्रक्रिया नाकारली आणि पाल्याचा लेप सुरू केला. काचेच्या बशीत घडले ते देहात घडेलच कशावरून, असे मी विचारले. ती म्हणाली की आबा, तुमी पोरांना लई तर्क शिकवला, आता निर्गुडीला शिकवू नगा.

प्रयोग पुन्हा कर. या वेळची पाने मी स्वतः तोडून पाठवत आहे. विलंब गाठीच्या पथ्यावर पडेल.

माया राहू दे, पुरावाही पाठव.

आबा

नगर, २१ जानेवारी

ती. आबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

प्रयोग तीनदा केला. तुमच्या पानांच्या अर्कात जंतू सुखाने वाढले, पेशींचेही तेच. अर्क नव्याने काढला, चिडले, रडलेसुद्धा. झुडूप तेच, रीत तीच. मग फरक कुठला? मागच्या वेळी आत्याच्या पिशवीवर ‘धुतली हायेत’ अशी चिठ्ठी होती, म्हणून ती पाने मी पुन्हा धुतली नव्हती.

मोबाईल घ्या, ही चौदावी विनंती. लोभ आहेच, तो राहावा.

रोहिणी

खर्डा, २५ जानेवारी

चि. रोहिणीस आशीर्वाद.

फरक सापडला. औषधाचे झाड तोडण्याच्या आदल्या सायंकाळी त्याला हळद-कुंकू वाहून उद्या न्यायला येते असे आमंत्रण द्यायचे, ही आपल्या घरची रीत. झुंबरबाईने ती पाळली, वर पानेही हळदीच्या पाण्यात धुतली! जंतू बहुधा हळदीने मारले आणि श्रेय निर्गुडीला गेले. तू विचारले नाहीस, मी पाहिले नाही, दोष दोघांचा.

हे सारे तिला क्रमवार समजावले. शांतपणे ऐकून ती म्हणाली की मंग हळदच लावते. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवून मी ओट्यावर तुला हे पत्र लिहीत बसलो आहे.

आबा

नगर, २८ जानेवारी

ती. आबांस शि. सा. नमस्कार.

आत्याला एवढेच वाचून दाखवा. आत्या, मी चुकले. हळदीनेही बशीतलेच मेले. तुझ्या गाठीचे मला काही ठाऊक नाही. माझ्या शब्दावर थांबू नकोस.

तुमची रोहिणी

जामखेड, ३ फेब्रुवारी

चि. रोहिणीस आशीर्वाद.

तू परवा येशीलच, तरी लेखी असलेले बरे. पत्र ऐकून झुंबरबाई म्हणाली की पोरगी चुकले म्हनती, म्हंजी खरं बोलती, आणि शस्त्रक्रियेला राजी झाली. काल सायंकाळी रुग्णालयात येऊन तिने डॉक्टरीणबाईंना हळद-कुंकू लावले आणि उद्या सकाळी या, असे आमंत्रण दिले. बाईंनीही कपाळ पुढे केले.

आज गाठ निघाली. तिने दिलेले कारण मला अमान्य आहे. निष्कर्ष मात्र मी मान्य केला.

आबा