आधी पुढची चाकं

४ जून

ती. मामांना सा. न. वि. वि.

दातांच्या डॉक्टरांची जुनी गाडी अखेर माझ्या गॅरेजबाहेर पडली! दमदार इंजिन, मागची सीट काढलेली आणि मागे ड्रम ब्रेकऐवजी एका जड गाडीचे मोठे डिस्क ब्रेक. डॉक्टर खूश आहेत. म्हणाले, पाय टेकवला की गाडी जागच्या जागी थांबते. फक्त परवा ओल्या रस्त्यावर शेपूट जरा हललं. मी टायर बदला म्हणून सांगितलं. तुम्ही आयुष्यभर बसडेपोत ब्रेक दुरुस्त केलेत, तेव्हा काहीतरी खोट काढालच. काढा!

मामींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भाची

९ जून

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांना फोन कर आणि गाडी परत बोलाव.

केलास? आता ऐक. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. त्यात तू सीटही काढलीस. अशा हलक्या चाकांना एवढा जोर दिलास तर ती आधी जाम होणार. पुढची जाम झाली तर गाडी सरळ घसरते. मागची झाली तर गरकन फिरते, मग स्टिअरिंग काय करणार? टायरला बोल लावू नकोस.

माझा गुडघा जिन्यावरून पडून गेला असं घरात सगळ्यांना सांगितलंय. ते खोटं आहे. डेपोच्या जीपला मीच मागे जोरदार ब्रेक बसवले होते आणि भिंतीवर उलटा जाऊन आदळलो. शेजारी कुणी बसलं नव्हतं, एवढंच नशीब.

मामी तुला आशीर्वाद सांगते. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
मामा

१७ जून

ती. मामांना सा. न. वि. वि.

फोन आधी केला, पत्र मग वाचलं. चूक माझी आहे, असं स्पष्ट सांगितलं. डॉक्टर म्हणाले, शनिवारी आईला घेऊन घाटातून जाणार होतो.

रिकाम्या मैदानात पाणी मारलं. माझ्या गॅरेजात गाड्या रंगवणाऱ्या बाई चाकांवर नजर ठेवून लांब उभ्या राहिल्या. चाळिसाच्या वेगाला ब्रेक दाबला आणि गाडीने दीड गिरकी घेतली.

मागे लहान ब्रेक बसवले, त्यांचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घातला. मग गाडीत मी एकटी बसून वेग थोडा थोडा वाढवत गेले. दहा वेळा ब्रेक दाबला; दहाही वेळा पुढची चाकं आधी जाम झाली, गाडी नाकासमोर थांबली. शेवटी डॉक्टरांनी स्वतः चालवून पाहिली आणि मगच चावी घेतली.

जाताना त्यांनी विचारलं, अशा आणखी किती गाड्या केल्यात? तीन. दोघांना त्याच दिवशी बोलावून घेतलं, त्यांचं काम झालं. तिसरी माझीच. ती आज जॅकवर आहे, म्हणून हे पत्र टाकायला पोस्टापर्यंत चालत निघाले आहे.

तुमचा कान माझ्या हाताने पिळण्यासाठी असाच तयार राहो... चुकलं, माझा कान, तुमचा हात!

तुमची,
भाची