गुडघाभर पाणी

रामेश्वरमजवळ,
६ ऑगस्ट

प्रिय आई,

सप्रेम जयभीम. तुझा खोकला कमी झाला असेल. मुकेशदादा आणि वहिनी बरी असतील. लावणी उरकली का? इथे पाऊस नाही, नुसता वारा आहे. रात्रंदिवस सुटलेला असतो. कपडे दोरीवर घातले की तासाभरात वाळतात, पण त्यात वाळू बसते.

पत्र बघून दचकू नकोस. फोन चालू आहे, रेंजही आहे. पण फोनवर तू काहीही विचारलंस तरी माझ्या तोंडून "बरंय" एवढंच येतं. म्हणून लिहायला बसले. चष्मा लाव आणि बसून वाच.

तू मागे म्हणालीस, शेजारच्या बाया विचारतात, जावई तिकडे पतंग उडवायला गेलाय काय. त्यांना सांग, हो, पतंगच. पण हा पतंग आपल्या पडवीच्या छपराएवढा मोठा असतो. पंपाने हवा भरून फुगवतात. त्याच्या दोऱ्या एका दांडीला बांधलेल्या, दांडी कमरेच्या पट्ट्याला आणि पायाखाली फळी. वारा पतंग ओढतो, पतंग माणसाला, आणि माणूस पाण्यावरून सरसर जातो. समुद्र पलीकडे आहे, मध्ये वाळूचा पट्टा, अलीकडे हे खाऱ्या पाण्याचं तळं. लाट नाही. लांबवर चालत गेलं तरी पाणी गुडघ्याला, फार तर कमरेला. म्हणून शिकणारे इथे आमच्या कॅम्पवर येतात. आपल्या टोकावड्याला नदीत डुंबलेला प्रणित आता परदेशी पाहुण्यांना शिकवताना इंग्रजीतून ओरडतो. कधी कधी चुकून मराठीत ओरडतो. तरी त्यांना कळतं.

मी कॅम्पचा स्वयंपाक बघते. मदतीला इथल्याच एक अक्का आहेत. सकाळी इडल्या, दुपारी भात-मासे. मीठ कमी-जास्त झालं तर पाहुणे सांगतात तेव्हा मला कळतं. मला चव लागत नाही सध्या.

तुझं पार्सल मिळालं. दुपटी, टोपडी, सगळं. मी ते उघडून परत बांधून ठेवलंय.

आई, आता लिहिते. बाळ नाही. जूनमध्येच गेलं. सातवा नुकताच लागला होता. एक दिवस हालचाल लागेना, म्हणून दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी पोटावरून मशीन फिरवलं, बंद केलं आणि प्रणितला बाहेर बोलावलं. कुणाची चूक नाही म्हणाल्या, असं होतं कधी कधी. मग बाळंतपणासारखंच सगळं झालं. कळा तशाच आल्या. मुलगी होती.

त्यानंतर दर रविवारी तू फोनवर विचारत होतीस, "पोट केवढं झालं गो बाय?" आणि मी सांगत होते, बरंय. तुला फसवायचं म्हणून नाही. दुसरा शब्द तोंडात येत नव्हता.

मी रडले नाही. अक्का मला धरून रडल्या. मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीवरची पाल बघत होते. चार-पाच दिवसांनी दूध आलं, तेव्हा अक्कांनीच छाती घट्ट बांधून दिली. मग मी उठून कामाला लागले. प्रणितही. आमच्यात भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. तो उजाडायच्या आत उठून जायचा. "वारा बघून येतो," म्हणायचा. मीही म्हणायचे, ये.

गेल्या आठवड्यात दुपारी पाहुणे जेवून झोपले होते. प्रणित दारात येऊन म्हणाला, "चल, पाण्यात चल." मी गेले. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती, त्याची काळजी करू नकोस.

त्याने माझ्या कमरेला पट्टा बांधला. पुढचा हूक बरोबर पोटावर येतो. तिथे त्याचा हात जरा थांबला. मग त्याने पट्टा आवळला.

"हे बघ," तो म्हणाला, "दांडी जवळ ओढलीस का जोर वाढतो. सोडलीस का पतंग गप होतो. माणूस घाबरला का ओढत सुटतो. म्हणून आमी पयलं सोडायला शिकवतो."

फळी दिली नाही. पाण्यात पालथं पडायचं आणि पतंगाने ओढून न्यायचं, असा पहिला धडा असतो. मला भीती वाटत नव्हती, काहीच वाटत नव्हतं, त्यामुळे दांडीवरचा हात डगमगत नव्हता. "पयल्याच दिवशी असं कोन धरत नाय," तो मागून चालत म्हणाला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि मी खेचली गेले. नाकातोंडात खारं पाणी. तो ओरडत होता, "सोड! सोड दांडी!" मला नीट ऐकू येत होतं. मी सोडली नाही. कुणीतरी ओढून नेतंय तर नेऊ दे, एवढंच डोक्यात होतं.

त्याने धावत येऊन मला गाठलं आणि हुकावरचा खटका दाबला. पतंग पाण्यावर पडला. मी उभी राहिले. पाणी गुडघ्यालाच होतं. शिंपल्यांनी नडगी सोलली होती, रक्त येत होतं.

"येडी झालीस काय?" तो ओरडला. "सोड म्हनतोय तर सोडत का नाय?"

मी विचारलं, "तिला कुठं ठेवलंस?"

इतके दिवस मी हे विचारलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून तो आणि अक्कांचा नवरा तिला घेऊन गेले, एवढंच मला ठाऊक होतं.

मग पतंग तसाच टाकून त्याने माझा हात धरला. आम्ही ओल्या कपड्यांनी वाळूचा पट्टा ओलांडून ताडांच्या मागे गेलो. तिथे एवढासा उंचवटा आहे. भोवती दगड लावलेत. एका बाजूला वाऱ्याने वाळू उडवून नेली होती. त्याने गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी ती बाजू भरायला घेतली, सवयीच्या कामासारखी.

"रोज भरायला लागते," तो म्हणाला. "रात्रीत वारा घेऊन जातो."

तेव्हा मला कळलं, पहाटे तो कसला वारा बघायला जायचा ते. मीही खाली बसले आणि वाळू ओढायला लागले. तो म्हणाला, "तुझ्यासारखी होती. कपाळ तुझं." मी म्हटलं, "मला दाखवली नाहीस." तो म्हणाला, "तू डोळे मिटले होतेस. मला वाटलं, तुला नाय बघायचं." मला आठवत नाही, आई. मिटले असतील.

त्या दिवसापासून पहाटे आम्ही दोघं जातो. नडगी अजून चुरचुरते, चालताना जाणवते. बाकी तसंच आहे. भाताला चव नाही.

मुकेशदादाने तुझं पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय. ते रद्द करायला सांग, हे लिहिण्यासाठीच मी बसले होते. पण नको. उलट लवकरचं मिळतं का बघायला सांग. मेथीचे लाडू वगैरे काही करत बसू नकोस. दादा-वहिनीला तूच सांग, मला परत लिहिता येणार नाही.

आणि इथे आलीस की माझ्यासमोर मन घट्ट करू नकोस. मोठ्याने रड, आपल्याकडे रडतात तशी. मला एकटीला सुरुवात करता येत नाहीये.

तुझी वाट बघते.

तुझीच,
संघरत्ना